प्रवरेच्या उलट दिशेने

नगरहून सायकल काढली तेव्हा जुलै असूनही रस्त्यावर धूळ होती. राहुरी, कोल्हार, लोणी... दोन्ही बाजूंना ऊस हिरवागार आणि आभाळ कोरडं. संगमनेरला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी अकोले सोडलं आणि राजूरच्या वाटेवर पावसानं गाठलं, तो पाठ सोडेचना. रिमा भिजल्या, ब्रेक लागेनात. एका उतारावर तर चप्पल घासत सायकल थांबवली. खाचरांत इरली पांघरून बाया आवणी करत होत्या. टपरीवाले बाबा चहा देत म्हणाले, "हा कसला पाऊस? घाटघरला जा, मंग कळंल."

खरंच आहे. नगर शहरात वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पडतो, घाटघरला पाच हजारांच्या आसपास. जिल्हा एकच! हे पाणी पावसाळ्यात वाहून जाई आणि खालचा मुलूख दुष्काळात होरपळे. म्हणून इंग्रजांनी १९१० मध्ये प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण बांधायला घेतलं. ८२ मीटर उंचीची दगडी भिंत. १९२६ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. ओझरच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांनी पाणी खाली नेलं, त्यावर ऊस आला आणि १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. म्हणजे आदल्या दिवशी मी ज्या उसातून कोरडा आलो, तो या पावसाचाच. अकोल्याच्या डोंगरातल्या वाड्यांवर मात्र उन्हाळ्यात हंडे रिकामे असतात. हा हिशेब मला पटत नाही.

धरणाजवळच्या शेंडीला पोचलो तेव्हा पिशवीत एकच वस्तू कोरडी होती: नगरच्या उन्हासाठी घेतलेला पंचा.