पंखांची मर्सिडीज आणि जॅग्वार ई-टाइप

जुन्या युरोपीय मोटारींच्या संग्राहकांत एक वाद हमखास निघतो : मर्सिडीज-बेंझची ३०० एसएल थोर की जॅग्वारची ई-टाइप? किमतीपुरते पाहिले तर वाद उरत नाही; पहिली दुसरीहून कितीतरी महाग. आम्हांस मात्र हा प्रश्न कुळाचा आणि कागदपत्रांचा वाटतो.

३०० एसएलचे कूळ शर्यतीचे. १९५२ साली त्याच नावाच्या शर्यती मोटारीने ल मांची चोवीस तासांची शर्यत आणि मेक्सिकोतील कारेरा पानामेरिकाना जिंकली. अमेरिकेतील विक्रेते मॅक्स हॉफमन यांनी आग्रह धरल्यामुळे तिची रस्त्यावर चालणारी आवृत्ती फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात अवतरली. तिचे वर उघडणारे दरवाजे शोभेसाठी आहेत, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः पोलादी नळ्यांचा सांगाडा हलका तरी भक्कम राहावा म्हणून तो बाजूंनी उंच ठेवावा लागला. तेथे नेहमीचे दार बसेना, म्हणून बिजागऱ्या छपरावर गेल्या. कुरव पक्ष्याने पंख पसरावेत तसे ते रूप, म्हणून नाव ‘गलविंग’. तिच्या तीन लिटरच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. विक्रीस आलेल्या फोर-स्ट्रोक मोटारींत ही पद्धत प्रथम तिच्यातच आली. मागच्या चाकांची रचना मात्र वेगात घेतलेल्या वळणावर दगा देणारी. १९५७ पर्यंत अशा १,४०० मोटारी झाल्या, त्यांतील अवघ्या २९ ॲल्युमिनियमच्या.

ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात आली. तिचे आरेखक माल्कम सेयर विमानांच्या कारखान्यातून आलेले. डौलदार वाटणारी ती वक्ररेषा त्यांनी गणिताने काढली होती. फेरी मारून पाहणाऱ्यांची गर्दी इतकी झाली, की चाचणी-चालक नॉर्मन ड्युइस यांना दुसरी मोटार कॉव्हेंट्रीहून रातोरात हाकत आणावी लागली. चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि किंमत दोन हजार पौंडांच्या किंचित वर. पुढे १९७४ पर्यंत बहात्तर हजारांहून अधिक मोटारी झाल्या. दुर्मिळपणाचा मान तिला मिळणे नाही. गंज मात्र भरपूर मिळतो.

कागदपत्रांत हयात गेलेल्या आम्हांस मोटारीचा चॅसी क्रमांक जमिनीच्या सर्व्हे नंबरासारखा वाटतो. इंजिन, सांगाडा व मूळ नोंद यांचा मेळ बसला तरच मालमत्ता निर्वेध. नावसाधर्म्यानेही घोटाळा होतो. २०२२ साली साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली ती मोटार ३०० एसएलआर. इंजिन आठ सिलिंडरांचे, कूळ निराळे. जॅग्वारकडे तर याहून नाजूक प्रकरण आहे. १९६३-६४ मध्ये हलक्या वजनाच्या १८ शर्यती ई-टाइप योजल्या होत्या, झाल्या १२. उरलेल्या सहा, न वापरलेले जुने क्रमांक देऊन, कंपनीने २०१४ पासून घडविल्या. कारखाना तोच, आराखडा तोच. तरी आमच्या मते नोंद १९६३ ची आणि वस्तू एकविसाव्या शतकाची. आमच्या कचेरीत असा फेरफार मंजूर झाला नसता!

निवड करावयाचीच तर आम्ही ई-टाइपच घेऊ, तीही पहिल्या सुमारे पाचशेंपैकी. त्यांचे बॉनेट बाहेरून, इंग्रजी ‘टी’च्या आकाराच्या सुट्या किल्लीने उघडे. मूळ किल्ली सोबत आहे का, हे खरेदीदाराने विसरता विचारावे असे नाही; आधी तेच विचारावे, रंगाचे मागाहून.