हर्णै–आंजर्ले किनारवाट

हर्णै–आंजर्ले किनारवाट : रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील कर्दे, मुरुड, हर्णै, पाजपंढरी, आंजर्ले, आडे व केळशी ही गावे दक्षिणेकडून उत्तरेकडे जोडणारी समुद्रकाठची पायवाट. हा सरकारने आखलेला मार्ग नव्हे. वाटेत दिशादर्शक फलक नाहीत आणि सगळा पल्ला दाखवणारा नकाशाही वाटेवर कुठे लावलेला दिसत नाही. काही ठिकाणी ओली वाळू, काही ठिकाणी काळ्या कातळाचा सडा, मध्येच गाडीरस्ता आणि गावात शिरल्यावर जांभ्याच्या पाखाड्या, अशा तुकड्यांनी ती बनली आहे. गावकरी, कोळणी आणि शाळकरी मुले या तुकड्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. हौशी पदयात्री अलीकडचे.

येथील मुरुड आणि रायगड जिल्ह्यातील जंजिऱ्याजवळचे मुरुड यांची गल्लत नेहमी होते. ही दोन निराळी गावे आहेत.

या वाटेवर घड्याळाइतकीच तिथी महत्त्वाची. ओहोटी लागली की पुळण रुंद व टणक होते, टेकाडांच्या पायथ्याचे खडक उघडे पडतात आणि एका गावातून दुसऱ्या गावात पाण्याच्या कडेने जाता येते. भरतीत हेच तुकडे बुडतात. कोकणातला जुना ढोबळ हिशेब असा, की तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, तर अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. बंदरागणिक यात थोडा फरक पडतो, म्हणून हाताशी अर्धा-पाऊण तास राखून निघावे. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, पाणी सर्वांत लांब हटते आणि तेही सकाळी व संध्याकाळी. अष्टमीच्या सुमारास भांग असते. तेव्हा ओहोटी भर दुपारी येते आणि फार खोलही जात नाही. चालणाऱ्याने पंचांग पाहूनच दिवस ठरवावा, हे उघड आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात खडकांवर शेवाळ धरते, समुद्र खवळलेला असतो आणि वाट बंद समजावी.

कर्दे ते मुरुड ही सलग पुळण सर्वांत सोपी. ती सुरूच्या बनांच्या व नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या कडेने जाते. भरतीरेषेच्या वर जांभळट फुलांची मर्यादवेल पसरलेली असते. वाळू धरून ठेवण्याचे तिचे काम मोठे आहे, म्हणून तिच्यावरून वाहने नेणे अक्षम्य मानावे. मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. त्यांचा जन्म १८५८ साली आजोळी शेरवली येथे झाला, पण बालपण मुरुडात गेले. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर मुरुडहून साताऱ्यापर्यंत डोंगर ओलांडून पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून परीक्षेला बसू न देताच परत पाठवले गेले. पुढे स्त्रीशिक्षणासाठी गावोगाव हिंडलेल्या माणसाची पहिली मोठी पायपीट याच गावातून सुरू झाली. मुरुडच्या दुर्गादेवीच्या देवळातील लाकडी कोरीव काम थांबून पाहण्याजोगे आहे. पुढे साळदुरे व पाळंदे या बाजूस खडकाळ टेकाडे आडवी येतात, तेथे गाडीरस्त्यावर चढणे शहाणपणाचे.

हर्णै हे या वाटेचे काळीज. दापोलीपासून सुमारे १६ किमी. अंतरावरचे हे बंदर रत्नागिरी जिल्ह्यातील मासेमारीच्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. जुन्या काळी मुंबईची आगबोट येथे थांबे. ती धक्क्याला लागत नसे, तर प्रवासी पडावात उतरून किनारा गाठत. चांगल्या जेटीची मागणी येथे जुनी आहे, आणि जेटीच्या अभावातूनच हर्णैचे प्रसिद्ध दृश्य घडले. मोठ्या नौका खोल पाण्यात नांगर टाकतात, लहान होड्या मासळी उथळ पाण्यापर्यंत आणतात आणि तिथून पुढे लाटांत उभ्या असलेल्या बैलगाड्या ती पुळणीवर पोचवतात. मग तिथेच, ओल्या वाळूवर, लिलाव उभा राहतो. सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी, म्हाकूल यांचे ढीग मांडले जातात. बोली भराभर चढते, आणि व्यवहारात कोळणींचा शब्द वजनदार असतो. थंडीत पाहुण्या कुरवांचे थवे होड्यांभोवती घिरट्या घालतात. पर्यटक छायाचित्रासाठी गाडीसमोर किंवा ढिगांच्या मधोमध उभे राहतात, तेव्हा कामात खोळंबा होतो. हा लिलाव देखाव्यासाठी नसतो, त्या दिवसाची कमाई तिथे ठरत असते. पाहणाऱ्याने कडेला उभे राहावे आणि चेहऱ्यांचे फोटो विचारून घ्यावेत, एवढी मर्यादा पाळणे कठीण नाही.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, जाळी दुरुस्त होतात. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा होते.

हर्णैच्या समोर, किनाऱ्यापासून अगदी जवळ, सुवर्णदुर्ग हा जलदुर्ग आहे. त्याच्या सोबतीला जमिनीवर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तीन उपदुर्ग आहेत. कनकदुर्गावर आज दीपगृह आहे, फत्तेगडावर कोळ्यांची वस्ती आहे, तर गोवा किल्ल्याची तटबंदी अजून भक्कम दिसते. सुवर्णदुर्गाचे महाद्वार बुरुजांच्या आड असे लपवले आहे, की होडी जवळ येईपर्यंत ते नजरेस पडत नाही. दाराच्या पायरीवर कासव आणि शेजारच्या तटावर मारुती कोरलेला आहे. शिवकाळात हा दुर्ग स्वराज्यात आला, कान्होजी आंग्रे यांच्या काळात तो आरमाराचा महत्त्वाचा तळ बनला. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे बिनसल्यावर १७५५च्या एप्रिलमध्ये इंग्रजांचा कमोडोर विल्यम जेम्स याने पेशव्यांशी संगनमत करून समुद्राकडून तोफांचा मारा केला आणि काही दिवसांतच दुर्ग पडला. तो पेशव्यांकडे गेला आणि १८१८ साली इंग्रजांकडे. मराठ्यांनी आपल्याच आरमाराचा कणा परक्यांच्या मदतीने मोडला, ही या किनाऱ्यावरची सर्वांत दुःखद घटना मानावी लागेल. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने लंडनच्या शूटर्स हिल टेकडीवर १७८४ साली त्याच्या स्मरणार्थ एक त्रिकोणी मनोरा बांधला. ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’ हे त्याचे नाव सुवर्णदुर्गाचाच इंग्रजी उच्चार होय. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे १२ किल्ले आले, त्यांत सुवर्णदुर्ग आहे.

हर्णैला लागून पाजपंढरी ही कोळ्यांची दाट वस्ती. येथे वाट घरांच्या मधून जाते. दोन्ही अंगांना जाळ्यांचे ढीग, वाळत घातलेला जवळा, दोऱ्यांवर बोंबील. वासाला नाक मुरडणाऱ्याने इथून जाऊ नये, कारण हे लोकांचे अंगण आहे. ओहोटीला बाया खडकांवरची कालवे फोडताना दिसतात. त्या कोणत्या घळीत पाय ठेवतात आणि कोणत्या टाळतात, हे पाहून चालणारा पुष्कळ शिकतो.

पाजपंढरीच्या पलीकडे जोग नदीची खाडी आहे. पूर्वी आंजर्ल्याला जायचे म्हणजे तरीतून जावे लागे. आता पूल झाला आहे आणि तर मागे पडली. वादळवाऱ्यात हर्णैच्या नौका आसऱ्याला याच खाडीत शिरतात, पण मुखाशी साचलेल्या गाळामुळे ती वाट जोखमीची झाली आहे आणि तिथे नौकांना अपघात होत आले आहेत. खाडीकाठी कांदळवन आहे. जवळच्या मुर्डी गावी १९१३ साली कादंबरीकार श्री. ना. पेंडसे यांचा जन्म झाला. ‘गारंबीचा बापू’ आणि ‘रथचक्र’ वाचलेल्याला या परिसरातील माणसे, वाड्या आणि बोली ओळखीच्या वाटतात.

आंजर्ले गावातून पाखाडीने चढून गेले की कड्यावरचा गणपती. मूर्ती उजव्या सोंडेची आहे. मूळ देऊळ किनाऱ्याशी होते, समुद्र पुढे सरकल्यावर देव कड्यावर गेला, अशी आख्यायिका आहे. आजच्या देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. इथून खाडीचे मुख, हर्णैचे दीपगृह आणि सुवर्णदुर्ग एका नजरेत येतात. साऱ्या वाटेवर एवढा मोठा पल्ला दुसरीकडून दिसत नाही.

आंजर्ल्याच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे हिवाळ्यात अंडी घालतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात आणि साधारण दीड ते दोन महिन्यांत पिल्ले बाहेर येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली उत्तरेकडील वेळास येथे ग्रामस्थांना बरोबर घेऊन संरक्षणाचे काम सुरू केले, ते पुढे आंजर्ल्यासह अनेक गावांत पसरले. आधी अंडी उकरून नेली जात; आज त्याच गावांतले कासवमित्र पहाटे किनारा चालून घरटी शोधतात. २०२२च्या जानेवारी-फेब्रुवारीत कोकण किनाऱ्यावर पाच माद्यांना उपग्रह संदेशक बसवले गेले, त्यांत वेळासची ‘प्रथमा’ आणि आंजर्ल्याची ‘सावनी’ होती. विणीच्या काळात रात्री पुळणीवर विजेरी घेऊन हिंडू नये. किनाऱ्याची धूप थांबवण्यासाठी घातले जाणारे दगडी बंधारे मात्र कासवाची वाट अडवतात आणि माणसाचीही. सुरू आणि मर्यादवेल लावण्याचा उपाय संथ असला तरी अधिक चांगला.

३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा मोठ्या प्रमाणावर झोपवल्या. पोफळ लावल्यापासून धरेपर्यंत काही वर्षे जातात, त्यामुळे वाड्यांतील काही मोकळ्या जागा अजून दिसतात.

आंजर्ल्याच्या उत्तरेस पाडले, आडे व उटंबर अशी वाट केळशीला पोचते. आड्याला भार्गवरामाचे देऊळ आहे. केळशीत महालक्ष्मीचे देऊळ व याकूबबाबांचा दर्गा आहे, आणि भारजा नदीच्या मुखाजवळ वाळूची मोठी टेकडी आहे. तिच्या थरांचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी केला असून, जुन्या त्सुनामीच्या खुणा तिच्यात असाव्यात असे मत मांडले आहे.

वाटेला येण्यासाठी कोकण रेल्वेचे खेड स्थानक आणि तिथून दापोलीमार्गे एस. टी. सोयीची. दक्षिणेकडे दाभोळहून वाशिष्ठीची खाडी फेरीबोटीने ओलांडून धोपाव्यास उतरले की गुहागरचा किनारा सुरू होतो. उत्तरेकडे बाणकोटच्या खाडीवर वेसवी ते बागमांडला अशी फेरीबोट आहे, ती रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वराजवळ उतरवते.