भंडारा जिल्ह्यातील शालेय व्यवसाय मार्गदर्शन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

माध्यमिक शाळांत व्यवसाय मार्गदर्शन असावे, अशी शिफारस मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये केली. भंडारा जिल्हा त्या वेळी जुन्या मध्य प्रदेशात होता. तेथील ग्रामीण विद्यार्थ्यापुढे मार्गदर्शनाआधी शाळेचाच प्रश्न होता. मनोहरभाई पटेल यांच्या गोंदिया शिक्षण संस्थेने १९५८ पासून तो काही अंशी सोडविला. परंतु शाळा आली म्हणजे निवडीचे स्वातंत्र्यही आले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९७५ पासून अकरावीऐवजी दहावी ही शालान्त परीक्षा झाली आणि शाखानिवडीचा निर्णय कोवळ्या वयात आला. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जी शाखा, तीच विद्यार्थ्याची 'आवड' ठरू लागली.

व्यवसायाची ओळख करून देणारे खरे मार्गदर्शक शाळेबाहेर होते : धानाची शेती, पितळी भांड्यांचा धंदा, तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी आणि जवाहरनगरची आयुध निर्माणी. राज्य शासनाने २०१६ मध्ये दहावीसाठी कल चाचणी सुरू केली. चाचणीने कल सांगितला. मात्र त्या कलाचा अभ्यासक्रम गावाजवळ नसल्यास नागपूरच्या खोलीचे भाडे शेतमजूर पालकाने कोठून आणावे, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरच राहिला.