एक आवाज, दोन कान: १९६६चं जुगाड आणि आजचा प्लगिन

हेडफोन असतील तर लावा, आज दोन्ही कान लागणार आहेत.

गाण्यात एकच गायक डावीकडूनही येतो आणि उजवीकडूनही, आवाज भरदार आणि किंचित हलता. आज हा इफेक्ट कुठल्याही डिले प्लगिनमध्ये मिळतो. तरी तो बऱ्याचदा प्लास्टिकसारखा का वाटतो? उत्तर १९६६च्या लंडनमध्ये आहे.

बीटल्स तेव्हा 'रिव्हॉल्व्हर' रेकॉर्ड करत होते. आवाज जाड करायचा तर गायकाने तीच ओळ पुन्हा, हुबेहूब गायची, अशी पद्धत होती. जॉन लेननला याचा भयंकर कंटाळा. मग ईएमआय स्टुडिओतले, म्हणजे आजच्या ॲबी रोडमधले, इंजिनिअर केन टाउनसेंड यांनी तोड काढली. नाव पडलं एडीटी, आर्टिफिशियल डबल ट्रॅकिंग.

आता नीट ऐका, खरी गंमत इथे आहे. टेप मशीनवर टेप आधी रेकॉर्ड हेडवरून जाते आणि मग प्लेबॅक हेडवर पोचते. टाउनसेंड यांनी आवाज रेकॉर्ड हेडवरूनच आधी उचलला आणि दुसऱ्या मशीनवर पाठवला. तिथून तो थोडा उशिरा परत यायचा, तोवर पहिल्या मशीनचा मूळ आवाजही प्लेबॅकला पोचलेला असायचा. दुसऱ्या मशीनचा वेग ऑसिलेटरने कमीजास्त केला, की कॉपी कधी मूळ आवाजाच्या मागे, तर कधी चक्क पुढे!

याने काय होतं? हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९मध्ये दाखवलं, की साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आलेले दोन सारखे आवाज कानाला एकच वाटतात, आणि जो आधी येतो त्या बाजूने ऐकू येतात. म्हणून कॉपी मागे-पुढे झाली की आवाज एका कानाकडून दुसऱ्याकडे झुकतो. साध्या प्लगिनमध्ये कॉपी कायम मागेच, तीही ठरलेल्या अंतरावर. जिवंतपणा तिथेच जातो.

मी हे असं करतो. आवाजाचे दोन ट्रॅक घ्यायचे. मूळ आवाज २० मिलिसेकंद उशिरा सरकवायचा आणि डावीकडे ठेवायचा. उजवीकडच्या कॉपीवर टेपसारखा डिले लावायचा: फक्त डिलेचा आवाज, फीडबॅक शून्य. मग तिची वेळ हाताने, हळूहळू, १० ते ४० मिलिसेकंदांमध्ये फिरवायची. वेळ बदलताना सूरही जरासा हलतो, अगदी टेपसारखा. वेव्हज कंपनीने ॲबी रोडसोबत 'रील एडीटी' हा तयार प्लगिनही काढलाय, पण एकदा हाताने करून बघाच.

आणि एक धोका. हेडफोनमध्ये भव्य वाटणारा हा आवाज मोनो स्पीकरवर पोकळ होऊ शकतो. दोन्ही बाजू एकत्र आल्या की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना मारतात. फरक १० मिलिसेकंदांचा असेल तर ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा ओळीने खड्डे पडतात. बीटल्सचे बहुतेक श्रोते तेव्हा मोनोच ऐकायचे, त्यामुळे मोनो मिक्सकडे जास्त लक्ष दिलं जायचं. आज तुमचं गाणं कुणीतरी छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकणार आहे. म्हणजे परीक्षा तीच!

तेव्हा मिक्स पाठवण्याआधी एकदा मोनोचं बटण दाबा. शब्द नीट कळले तरच पुढे जा. भेटू पुढच्या भागात!