मॅटिनी

फ्रेंच भाषेचं आणि माझं कधी जमलं नाही. लिहायची सात अक्षरं आणि उच्चारायची तीन, असला उधळा कारभार मध्यमवर्गीयाला परवडणारा नव्हे. तरी एक फ्रेंच शब्द मी शाळेपासून सर्रास वापरत आलो : मॅटिनी. तो फ्रेंच आहे, हे मात्र पन्नाशी उलटल्यावर शब्दकोशात भलतंच काही शोधताना कळलं.

फ्रेंचमध्ये 'मातिने' म्हणजे सकाळ. रोमन लोकांची मातूता नावाची पहाटेची देवी होती, तिच्या गोतावळ्यातला हा शब्द. म्हणजे मूळचा अगदी सोवळ्यातला. पुढे पॅरिसच्या नाटकवाल्यांनी दुपारच्या खेळालाही मातिनेच म्हणायला सुरुवात केली. त्याला कारण होतं. बड्या घरांतलं मुख्य जेवण दिवस कलल्यावर व्हायचं आणि पानं मांडली जाईपर्यंत 'सकाळ'च चालू असायची. इंग्रज बायकासुद्धा 'मॉर्निंग कॉल' म्हणून एकमेकींकडे जायच्या, त्या दुपारीच! हा इतिहास मी एका रविवारी अकराला उठून आमच्या हिला सांगून पाहिला. तिला पटला नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी हा शब्द उचलला, तो दुपारच्या अर्थानेच. त्या वेळी नवरे कचेरीत, म्हणून थिएटरात बायका जास्त. त्यांच्या लाडक्या नटाला नाव पडलं 'मॅटिनी आयडॉल'. त्यांतला एक, रुडॉल्फ व्हॅलेंटिनो, १९२६ साली एकतिसाव्या वर्षी गेला, तेव्हा अंत्यदर्शनाला न्यूयॉर्कमध्ये एवढी झुंबड उडाली की खिडक्यांच्या काचा फुटल्या. तान्ह्या बाळाच्या विणलेल्या कोटालाही इंग्रजीत मॅटिनी कोट म्हणतात, आणि वीस-चोवीस इंची मोत्यांच्या माळेलाही मॅटिनी. (हे शेवटचं मी घरात बोललेलो नाही.)

आपल्या मुंबईने मात्र या शब्दाला पुन्हा आपल्या घराजवळ आणून सोडलं. रोजचे खेळ तीन, सहा आणि नऊचे. मॅटिनी त्याच्या आधी, बाराच्या सुमाराला किंवा त्याहूनही लवकर. तिकीट स्वस्त, सिनेमा बहुधा जुना. १९९५ सालचा 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' मराठा मंदिरात अशाच आडवेळेच्या खेळांवर जगला आणि २०१४च्या डिसेंबरात त्याने हजार आठवडे पुरे केले. पण आमच्या कोशात मॅटिनीचा अर्थ एकच होता : जिथे असायला हवं तिथे नसणं.

तो अर्थ मला नीट कळला १९८२ साली. जानेवारीच्या अठरा तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा एका गिरणीत कारकून. संप कामगारांचा असला तरी गिरणीच थंड पडल्यावर कारकून कसले हिशेब लिहिणार? पण बाबा म्हणायचे, "आमचं खातं चालू आहे." रोज साडेनऊला डबा घेऊन निघायचे.

पावसाळ्यातल्या एका दुपारी मी कॉलेजला दांडी मारून मॅटिनीला बसलो होतो. मध्यंतराचे दिवे लागले आणि दोन रांगा पुढे ओळखीचं टक्कल दिसलं. मांडीवर डबा उघडलेला. मी खाली सरकणार, तेवढ्यात त्यांनी मान वळवली.

"कॉलेज नाही?"

"तास झाला नाही. तुम्ही...?"

बाबा डब्याकडे बघत राहिले. मग शेजारच्या खुर्चीवरची छत्री त्यांनी उचलली.

"ये, बस. भेंडी आहे."

एकाच डब्यातून आम्ही दोघं जेवलो. दिवे लवकर गेले ते बरं झालं. सुटल्यावर ते म्हणाले, "तू पुढे हो. मी साडेसहापर्यंत येतो." म्हणजे ऑफिसच्या वेळेला. उरलेले तीन तास ते कुठे काढणार, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

संध्याकाळी डबा घासायला घेताना आई म्हणाली, "आज चाटूनपुसून?"

"भूक होती," बाबा म्हणाले. मी पुस्तकात डोकं घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या.