कोल्हापुरातील शालेय विधिशिक्षण

कोल्हापुरातील शालेय विधिशिक्षण म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील माध्यमिक व उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांना मिळणारे व्यापारी कायदे आणि न्यायव्यवस्था यांचे प्राथमिक शिक्षण होय. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात व्यापारी कायदा हा स्वतंत्र विषय नाही. त्याचे घटक नागरिकशास्त्र, वाणिज्य व सहकार या विषयांत विखुरलेले आहेत. वकील घडविणे हा या शिक्षणाचा उद्देश नसून, करार केव्हा बंधनकारक ठरतो आणि तक्रार कोठे दाखल करावी, हे विद्यार्थ्यास उमजावे हा आहे.

अभ्यासक्रम

कोल्हापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांतील दहावी-बारावीच्या परीक्षा राज्य मंडळाचे कोल्हापूर विभागीय मंडळ घेते. २०१८ साली आलेल्या इयत्ता आठवीच्या नागरिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात भारतातील न्यायव्यवस्थेवर स्वतंत्र प्रकरण आहे. अकरावीच्या ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ या विषयात कंपनीची स्थापना, घटनापत्रक, नियमावली व सभा यांचा, तर बारावीच्या ‘वाणिज्य संघटन व व्यवस्थापन’ या विषयात ग्राहक संरक्षणाचा परिचय होतो.

अज्ञान व्यक्ती आणि करार

भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार करार करण्यासाठी व्यक्ती सज्ञान असावी लागते. सज्ञानतेचे वय सर्वसाधारणपणे १८ वर्षे आहे. मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच निरर्थक असल्याचा निर्णय दिला. त्यामुळे बहुतेक शालेय विद्यार्थ्यांवर त्यांनी स्वतः केलेला करार बंधनकारक ठरत नाही. मात्र अज्ञान व्यक्तीला पुरविलेल्या जीवनावश्यक वस्तूंची किंमत तिच्या मालमत्तेतून वसूल करता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अज्ञान ग्राहकाच्या वतीने पालक किंवा कायदेशीर संरक्षक तक्रार दाखल करू शकतात. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

न्यायालयांची रचना

जिल्ह्यातील दिवाणी दावे कनिष्ठ स्तर व वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयांत चालतात. त्यांच्यावर जिल्हा न्यायालय असते. वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ मध्ये २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर किमान तीन लाख रुपये मूल्याचे व्यापारी वाद या कायद्याच्या कक्षेत येतात. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसल्यास दावा दाखल करण्यापूर्वी मध्यस्थीचा मार्ग अवलंबणे आवश्यक असते.

उच्च न्यायालयातील कामासाठी या भागातील पक्षकारांना पूर्वी मुंबईस जावे लागे. अनेक दशकांच्या मागणीनंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे कामकाज १८ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आहेत. त्यामुळे कनिष्ठ न्यायालयापासून उच्च न्यायालयापर्यंतची उतरंड आता एकाच शहरात पाहता येते.

स्थानिक उदाहरण: कोल्हापुरी चप्पल

कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्हे त्यात समाविष्ट असून दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे त्याची नोंदणी आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात तशाच धाटणीच्या चपला सादर केल्याने वाद उद्भवला. याविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली; याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत धारक नव्हते. अन्याय झाल्याची भावना आणि दाद मागण्याचा कायदेशीर अधिकार या भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रकरणातून स्पष्ट होते. सहकारी साखर कारखाने, दूध संघ व पतसंस्था यांना लागू असलेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हेही जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना जवळचे उदाहरण आहे.

मोफत विधी साहाय्य

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अंमलात आला. हा दिवस राष्ट्रीय विधी सेवा दिन म्हणून पाळला जातो. कायदेविषयक साक्षरतेचा प्रसार हे विधी सेवा प्राधिकरणांचे एक कार्य आहे. या अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्रिया व बालके मोफत विधी साहाय्यास पात्र असून त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. शालेय विद्यार्थ्यास आजच वापरता येणारा हा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.