खात्याची जन्मतारीख

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कंपन्यांत सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींना ॲन्सिबलचं प्लेबुक (सर्व्हरवरच्या कामांची यादी) काही नवीन नाही. मगरपट्ट्यात तर ॲन्सिबलची मालक असलेल्या खुद्द रेड हॅटचंच ऑफिस आहे. या प्लेबुकांत अधूनमधून एक छोटं लुकअप प्लगइन भेटतं: 'एडब्ल्यूएस अकाउंट ॲट्रिब्यूट'. ते ॲमेझॉनच्या क्लाउडला विचारतं, या खात्याला कशाकशाची मुभा आहे? डिफॉल्ट व्हीपीसी (खात्याचं खाजगी नेटवर्क) कोणती, इलास्टिक आयपी (कायमचे पत्ते) किती घेता येतील, असं. पण हे प्रश्न विचारायची वेळ का आली, ती गोष्ट त्या कोडपेक्षा रंजक आहे.

ॲमेझॉनने 2006 च्या ऑगस्टमध्ये ईसी2 ही भाड्याच्या मशिनांची सेवा सुरू केली तेव्हा सगळ्या गिऱ्हाइकांची मशिनं एकाच सामाईक नेटवर्कवर असत. पेठेतल्या वाड्यासारखं: खोल्या वेगळ्या, चौक एक. 2009 मध्ये व्हीपीसी आली आणि ज्याला त्याला आपापला ब्लॉक घेता येऊ लागला. 4 डिसेंबर 2013 पासून उघडलेल्या खात्यांना तर ब्लॉकच मिळू लागले. वाड्यातल्या जुन्या भाडेकरूंना मात्र तेव्हा कुणी उठवलं नाही. परिणामी तीच स्क्रिप्ट एका खात्यावर सुरळीत चाले आणि दुसऱ्यावर अडे, कारण खात्यांचं वय वेगळं. मशीन उभं करण्याआधी खात्यालाच विचारून घेणं शहाणपणाचं ठरलं.

ॲन्सिबल मायकेल डीहान यांनी 2012 मध्ये लिहिलं. ते पूर्वी रेड हॅटमध्येच होते; 2015 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच कंपनीने ॲन्सिबल विकत घेतलं. हे प्लगइन आलं 2.5 या आवृत्तीत, 2018 च्या मार्चमध्ये. ॲमेझॉनशी बोलायला ते बोटो3 ही लायब्ररी वापरतं. (बोटो हा ॲमेझॉन नदीतला डॉल्फिन. प्रोग्रामर लोकांची विनोदबुद्धी!)

लुकअप चालतं ते प्लेबुक जिथून सोडलं त्या मशीनवर, समोरच्या सर्व्हरवर नव्हे. त्यामुळे खात्याच्या किल्ल्याही इथेच लागतात; नवशिके हमखास इथे अडखळतात.

प्लगइनच्या पर्यायांत 'हॅज-ईसी2-क्लासिक' असा एक आहे; क्लासिक म्हणजे तेच जुनं सामाईक नेटवर्क. गंमत म्हणजे ॲमेझॉनकडे या नावाचं ॲट्रिब्यूटच नाही. प्लगइन गुपचूप 'सपोर्टेड-प्लॅटफॉर्म्स' मागवतं, त्यात 'ईसी2' दिसलं की खरं, नाही तर खोटं. मुंबईचं रीजन सुरू झालं 2016 च्या जूनमध्ये, म्हणजे तिथे क्लासिक कधी नव्हतंच. पुण्यातल्या ज्या टीमचे सर्व्हर मुंबईत, तिला कायम 'खोटं' हेच उत्तर. अमेरिकन क्लायंटचं व्हर्जिनियातलं जुनं खातं हाती आलं, की मात्र हा प्रश्न विचारण्यात अर्थ होता.

क्लासिकचं शेवटचं मशीन 2023 च्या ऑगस्टमध्ये बंद झालं. प्लगइनच्याच 'मॅक्स-इन्स्टन्सेस' (जास्तीत जास्त किती मशिनं) या पर्यायाची गत याहून विचित्र. मूळ मर्यादा साधारण 20 मशिनांची. पुढे ॲमेझॉनने ती व्हीसीपीयूत मोजायला घेतली आणि जुना आकडा निरर्थक झाला. आता खरी मर्यादा हवी तर ॲमेझॉनचं सर्व्हिस कोटाज उघडून बघावं लागतं.